पहिल्या तासात इन्स्टॉल नको

पत्र

सप्रेम नमस्कार. मी मिशिगनमध्ये कॅन्टनला राहते, गाड्यांच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. इथल्या एका सायन्स फिक्शन कन्व्हेन्शनला गेली काही वर्षं स्वयंसेवक म्हणून जाते, नोंदणीच्या टेबलावर बसते. यंदा कार्यक्रम समितीने विचारलं, "नवशिक्यांसाठी लिनक्सची सत्रं घेशील का?" मी हो म्हणून बसले. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम.) पाच सत्रांची मालिका आखली आहे : लिनक्सचा इतिहास, डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) कोणता निवडावा, इन्स्टॉलेशन, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आणि शेल स्क्रिप्टिंग, म्हणजे बॅशमध्ये कमांडच्या फाइली लिहिणं. प्रत्येकी पन्नास मिनिटं. आता धडकी भरली आहे. कुणी आलंच नाही तर? आले आणि कुणाचा लॅपटॉप बिघडला तर? आणि खरी भीती वेगळीच आहे. इथे वीस-वीस वर्षं लिनक्स वापरणारे दाढीवाले काका येतात. ते मागे बसून माझ्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती सुचवतील. मंडळात गणपतीला सूत्रसंचालन करताना मला कधी घाम फुटत नाही, इथे मात्र इंग्रजीतून बोलायचं या विचारानेच फुटतो. चौदा वर्षांचा मुलगा म्हणतो, "आई, तुला बॅश येतं, पण तू समजावायला लागलीस की मला झोप येते." काय करू?

— कॅन्टनची एक वाचक

उत्तर

नमस्कार.

मुलाचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण कानाआडही करू नका. तुमची यादी वाचताना दुसऱ्या सत्रापर्यंत मलाही जांभई आली, आणि मला तर हा विषय आवडतो. तुमच्या समजावण्यात खोट नसावी. खोट आखणीत आहे. कॉलेजचा अभ्यासक्रम घेऊन तुम्ही जत्रेत शिकवायला निघाला आहात.

कन्व्हेन्शनला आलेला माणूस दर तासाला नव्याने ठरवतो की आता कुठे जायचं. शेजारच्या खोल्यांत एकाच वेळी लेखकांची चर्चा चालू असते, कुठे कॉस्प्लेचं (पात्रांच्या वेशभूषेचं) शिवणकाम, कुठे बोर्ड गेम, कुठे फिल्कवाले (सायन्स फिक्शनची गाणी म्हणणारे) गिटार घेऊन बसलेले. तुमच्या तिसऱ्या सत्राला येणाऱ्या बहुतेकांनी पहिली दोन पाहिलेलीच नसतील. ज्यांनी पहिलं पाहिलं, ते दुसऱ्याच्या वेळी सह्या घ्यायच्या रांगेत उभे असतील. तेव्हा मालिका मोडा. तेवढं एकच सत्र पाहून माणूस उठून गेला, तरी त्याच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे.

पाचाची तीन करा. एक पन्नास मिनिटांचं, लिनक्स नुसतं चालवून बघायचं. एक पन्नास मिनिटांचं टर्मिनलचं. आणि तिसरं म्हणजे तीन तासांचं उघडं टेबल. कुणीही यावं, कधीही यावं, आपला लॅपटॉप घेऊन बसावं. इन्स्टॉल करायचं ते फक्त त्या टेबलावर. पहिल्या तासात कुणाच्याही मशीनवर काहीही इन्स्टॉल करायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी.

इतिहासाचं सत्र म्हणजे नमनाला घडाभर तेल. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, एका चर्चागटात कळवलं की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत. त्या हौसेच्या कामावर आज जगातला प्रत्येक अँड्रॉइड फोन चालतो. हे दोन मिनिटांत सांगून पुढे निघा. श्रोत्यांना ते पटकन भिडेल, कारण त्यांचं जगही हौशी लोकांनीच उभं केलेलं आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे सायन्स फिक्शनचं जागतिक संमेलन भरलं, तेही चाहत्यांनीच भरवलं होतं, आणि आजही ते स्वयंसेवकच चालवतात. समितीत कुणी कुरकुर केली की सायन्स फिक्शनमध्ये लिनक्स कशाला, तर तुमच्याच राज्यातल्या पेंग्विकॉनचं नाव घ्या. सायन्स फिक्शन आणि ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर) यांची मोट बांधूनच ते २००३ साली सुरू झालं.

डिस्ट्रोचं सत्रही काढा. नवशिक्यासमोर सहा नावं ठेवली की एक ना धड, भाराभर चिंध्या होतात. त्याच्या वतीने तुम्ही एक निवडून टाका. मी लिनक्स मिंट निवडेन. विंडोजवरून आलेल्याला त्याचा मेन्यू ओळखीचा वाटतो, आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त मान्य सिस्टिमच चालू देणारं संरक्षण) चालू ठेवूनही ते चालतं. हा दुसरा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते पुढे येईलच. उबुंटू जास्त हातातलं असेल तर उबुंटू घ्या, पण मग सगळ्यांना तेच.

आता येणार कोण, ते बघू. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक लॅपटॉपना मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ साठी पात्र धरत नाही. असा धडधाकट पण वाळीत टाकलेला लॅपटॉप अमेरिकेतल्या घराघरांत पडून आहे. त्याचं काय करायचं, हा प्रश्न घेऊन येणारे तुमचे सगळ्यात प्रामाणिक श्रोते. दुसरे गेमवाले. यांना पहिलाच प्रश्न विचारा, "स्टीम डेक कुणाकडे आहे?" चार-पाच हात वर गेले की सांगा, हे लोक लिनक्स वापरतच आहेत. २०२२ मध्ये आलेला तो डेक, हातात धरून गेम खेळायचं यंत्र, आर्च लिनक्सवर बेतलेल्या स्टीमओएसवर चालतो, आणि पॉवरच्या मेन्यूतून डेस्कटॉप मोडमध्ये गेलं की समोर केडीईचा रीतसर डेस्कटॉप येतो. कित्येकांनी तो कधी उघडूनही पाहिलेला नसतो. तिथल्या तिथे एकाला उघडायला लावा.

तिसरे लोक स्वतः काहीतरी घडवणारे असतात, आणि कन्व्हेन्शनमध्ये भरणा त्यांचाच. कॉस्प्लेवाल्यांना लिनक्सशी देणंघेणं नसतं. त्यांना भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइन हवं असतं. इंकस्केप या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये इंकस्टिच नावाचं फुकट एक्स्टेन्शन घातलं की काढलेल्या आकृतीचे टाके तयार होतात, आणि मशीनला लागणारी फाइलही मिळते. फॅन फिक्शन वाचणाऱ्यांना ई-पुस्तकं सांभाळणारं कॅलिबर दाखवा. ते कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने सुरू केलेलं आहे, हे सांगायला तुम्हालाही बरं वाटेल. चित्रं काढणाऱ्यांना क्रिता. ही सॉफ्टवेअरं विंडोजवरही चालतात, आणि ते मुद्दाम सांगा. आज घरी जाऊन विंडोजवर क्रिता वापरायला लागलेला माणूस पुढच्या वर्षी लिनक्सला निम्मा तयार असतो.

काय चालत नाही, तेही त्याच दमात सांगून टाका. फोर्टनाइट आणि व्हॅलरंट लिनक्सवर चालत नाहीत, त्यांची चीटिंग रोखणारी यंत्रणा आडवी येते. फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती नाही. क्रिकट या कागद-कापड कापायच्या यंत्राचं सॉफ्टवेअर, डिझाइन स्पेस, लिनक्ससाठी निघालेलंच नाही, आणि कॉस्प्लेवाल्यांच्या घरी क्रिकट हमखास असतं. हे तुमच्या तोंडून कळलं तर तुमचं बाकीचं बोलणंही विश्वासाने ऐकतील. घरी गेल्यावर कळलं तर पुढच्या वर्षी खोली रिकामी.

पहिल्या सत्राचा सगळा डोलारा लाइव्ह पेनड्राइव्हवर (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करताच चालतं) उभा आहे. ८ जीबीचे दहा-बारा घ्या, मिंट भरून ठेवा, आणि प्रत्येकावरून एखादा लॅपटॉप खरोखर सुरू करून पाहा. स्वस्तातल्या पेनड्राइव्हांत एखाददुसरा हटकून दगा देतो. एकाच पेनड्राइव्हवर अनेक डिस्ट्रो ठेवणारं व्हेंटॉय मलाही आवडतं, पण सिक्युअर बूट चालू असताना ते पहिल्या वेळी निळा पडदा दाखवून सुरक्षेची की (किल्ली) नोंदवायला लावतं. नवखा माणूस तिथेच गारठतो. साधा, एकाच कामाचा पेनड्राइव्ह बरा.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायला लोक एफ१२ दाबत बसतात. कुणाचं एफ१२, कुणाचं एफ९, कुणाचं एस्केप, आणि अमुक सेकंदातच दाबायला हवं. त्यात दहा मिनिटं जातात. विंडोज चालू असतानाच शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करायला सांगा. निळ्या पडद्यावर पर्याय येतात, त्यात 'यूज अ डिव्हाइस' निवडायचं आणि पेनड्राइव्हवर टिचकी मारायची. त्यानंतर पडदा काळा होईल, थोडी अक्षरं येतील, हे आधीच मोठ्याने सांगून ठेवा. नाहीतर त्या क्षणी अर्धी खोली कीबोर्डवरून हात उचलते आणि कुणीतरी भीतीने पॉवरचं बटण दाबून धरतं. डेस्कटॉप आला की तीनच गोष्टी करायला लावा : वायफाय दिसतो का, आवाज येतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का. बाकी शंभर गोष्टींपेक्षा या तिघांवरच ठरतं की हा लॅपटॉप लिनक्सला रुचणार की नाही. या सत्रात लिहिलेलं-साठवलेलं सगळं बंद करताच पुसलं जातं, हेही सुरुवातीलाच सांगा. शेवटच्या मिनिटाला सांगितलंत तर कुणाच्या तरी दोन परिच्छेदांचा बळी गेलेला असेल.

काही लॅपटॉप बसणारच नाहीत. अ‍ॅपलचे एम मालिकेतल्या चिपचे मॅक असे पेनड्राइव्हवरून सुरू होत नाहीत. शाळेने दिलेल्या क्रोमबुकवर शाळेचं कुलूप असतं. ऑफिसच्या लॅपटॉपला तर हातही लावू नका, मालक स्वतः म्हणाला तरी. तुम्ही टेस्टिंगमधल्या, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. या सगळ्यांना टर्मिनलच्या सत्राला बोलवा. मॅकवर टर्मिनल आयतंच आहे, आणि स्वतःच्या क्रोमबुकवर सेटिंग्जमधून लिनक्स चालू करता येतं.

टर्मिनलच्या सत्राबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मुलाला झोप येते ती बहुधा इथेच. आपण कमांड शिकवतो, आणि माणसाला कमांड शिकायची नसते. त्याला काहीतरी शोधायचं असतं. कन्व्हेन्शनमध्ये सगळ्यांना एकच गोष्ट शोधायची असते : आता कुठे काय चाललंय. तेव्हा समितीकडून पूर्ण वेळापत्रक मागून घ्या आणि त्याची साधी टेक्स्ट फाइल करा. एका ओळीत एक कार्यक्रम : वार, वेळ, खोली, नाव. मिंट भरलेल्या पेनड्राइव्हवर फाइल सहज टाकता येत नाही, म्हणून दोन-चार साधे पेनड्राइव्ह वेगळे ठेवा आणि खोलीत फिरवा.

सुरुवात एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) आणि सीडीने (फोल्डर बदलणारी) करा. फाइल कुठे आहे ते सापडू द्या. नाव पूर्ण टाइप करायला लागले की थांबवा. "दोन अक्षरं, मग टॅब." टॅबने नाव आपोआप पूर्ण झालं की खोलीत जो आवाज उमटतो, तो ऐकण्यासारखा असतो. मग कॅट लावून सगळं वेळापत्रक पडद्यावरून धो धो वाहू द्या. हे वाचणं अशक्य आहे, असं त्यांनाच वाटू द्या. आणि मग ग्रेप, दिलेला शब्द असलेल्या ओळी शोधणारी कमांड. 'सॅटर्डे' शब्द देऊन ग्रेप केलं की फक्त शनिवार उरतो. उभी रेघ मारून पुढे दुसरं ग्रेप, 'कॉस्च्युम' शब्द देऊन, की शनिवारचे पोशाखांचे कार्यक्रम उरतात. अजून एक रेघ, डब्ल्यूसी उणे एल, की एकूण किती ते कळतं. शेवटी डब्ल्यूसीचा तुकडा काढून, बाणाच्या खुणेने उरलेल्या ओळी स्वतःच्या नावाच्या फाइलमध्ये ओतायच्या आणि फोनने फोटो काढायचा. अर्ध्या-पाऊण तासात प्रत्येकाकडे स्वतःचं वेळापत्रक तयार, आणि पाइप (ती उभी रेघ) म्हणजे काय हे एक व्याख्या न देता कळलेलं. मॅकवाल्यांचंही हे सगळं जसंच्या तसं चालतं.

तीन अडथळे हमखास येतील. ग्रेप मोठ्या-छोट्या अक्षरांत फरक करतं, म्हणून लहान अक्षरात 'सॅटर्डे' लिहिणाऱ्याला काहीच सापडणार नाही. हा फरक न बघायला लावणारं उणे आय तेव्हा शिकवा, आधी नको. कॉपी करायला कंट्रोल-सी दाबलं की काहीच कॉपी होत नाही, कारण इथे त्याचा अर्थ 'थांब' असा आहे. लिनक्सवर कॉपीसाठी शिफ्टही लागतो. आणि कुणीतरी ग्रेपला फाइलचं नाव द्यायला विसरेल. मग टर्मिनल काही न बोलता बसून राहील, आणि तो समजेल की मशीन लटकलं. पुन्हा कंट्रोल-सी. आरएम (फाइल पुसणारी कमांड) मात्र या सत्रात अजिबात काढू नका. कुणी विचारलं तर "टेबलावर या" म्हणा. स्क्रिप्टिंगही नको, ज्याला चटक लागेल तो स्वतः विचारत येईल.

आता उघडं टेबल. लॅपटॉप बिघडण्याची तुमची भीती रास्त आहे, पण तुम्हाला वाटतं तिथून ती येत नाही. लिनक्स इन्स्टॉल होताना क्वचितच काही मोडतं. मोडतं ते त्याच्या आधी. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असतं. कुणी इंटरनेटवर वाचून बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करतो, आणि पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की (एन्क्रिप्ट झालेली डिस्क उघडायची किल्ली) मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. खात्याचा पासवर्ड आठवत नाही, खातं बारा वर्षांपूर्वीच्या ईमेलवर काढलेलं, तो ईमेल बंद पडलेला. समोरच्याच्या चेहऱ्याचा रंग उडतो, आणि त्याला तो लॅपटॉप तुमच्या टेबलावर बंद पडलेला दिसतो. म्हणून टेबलावर बसणाऱ्याला लिनक्सचं नाव काढायच्या आधी फोनवर ती की उघडून दाखवायला सांगा. नसेल दाखवता येत, तर त्या मशीनवर फक्त पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं, तेही सिक्युअर बूटला हात न लावता. मिंट घ्या म्हटलं ते यासाठीच.

दुसरा प्रश्न बॅकअपचा. "माझ्या लॅपटॉपवर महत्त्वाचं काही नाही" म्हणणाऱ्या माणसाच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो असतात. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, तुमच्या डोळ्यांसमोर उघडून दाखवलेला असेल तरच पुढे जायचं. आणि ड्युअल बूट (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) टेबलावर करायचंच नाही, असं माझं ठाम मत आहे. विंडोजचं पार्टिशन आखडायचं काम शनिवारी संध्याकाळी, हॉटेलच्या खोलीत, बॅटरी ३० टक्क्यांवर असताना करायचं नसतं. पूर्ण पुसायला मालक राजी असलेला जुना लॅपटॉप असेल तर आनंदाने करा. बाकीच्यांना कागदावर पायऱ्या लिहून द्या, घरी सावकाश करतील. पुण्यात लिनक्स युजर ग्रुपवाले इन्स्टॉलफेस्ट भरवत, तिथेही निम्मा वेळ बॅकअपपायी जायचा, आणि ते योग्यच होतं.

एक साधा फॉर्म करा. बॅकअप पाहिला, रिकव्हरी की पाहिली, ऑफिसचं मशीन नाही, काय होऊ शकतं ते समजलं, सही. अल्पवयीन असेल तर पालकाची सही. कन्व्हेन्शनच्या अध्यक्षांना तो आधी दाखवा. त्यांच्याकडे विम्याचे आणि हॉटेलच्या कराराचे काही नियम असतात, ते त्यात बसायला हवेत.

दाढीवाल्या काकांविषयी. त्यांना शत्रू समजलात तर ते मागच्या रांगेत बसून उंटावरून शेळ्या हाकतील. आजच त्यांच्यातल्या चार-पाचजणांना ईमेल करा आणि मदतनीस म्हणून बोलवा. पाच-सहा नवशिक्यांमागे एक मदतनीस लागतोच, आणि वीस वर्षांचा अनुभव फुकट मिळतो आहे. अट मात्र एकच, आणि ती सत्राआधी सगळ्यांदेखत सांगायची : दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं, बोटाने दाखवायचं, टाइप त्याने स्वतः करायचं. जाणकार माणूस "जरा दे इकडे" म्हणून वीस सेकंदांत काम उरकतो, आणि नवशिका हात मांडीवर ठेवून बघत बसतो. तो पुन्हा येत नाही. बिल्ल्याखाली चिकटवायच्या रिबिनींचा या लोकांना किती सोस असतो ते तुम्ही नोंदणीच्या टेबलावर पाहिलंच असेल. मदतनिसांसाठी खास रिबीन छापून घ्या. त्या रिबिनीसाठी ते हा नियम पाळतील, खात्री बाळगा.

आणि त्यांच्या वादांना वेगळी जागा द्या. शनिवारी रात्री दहाला 'माझाच डिस्ट्रो श्रेष्ठ' अशी धमाल चर्चा ठेवा. सत्रात कुणी "हे लिनक्स नाही, जीएनयू-लिनक्स आहे" म्हणून सुरू झालं, तर हसून म्हणा, "बरोबर आहे, रात्री दहाला या." वाद घालू नका, माफीही मागू नका. तुम्हाला न येणारं काही विचारलं गेलं, तर मागच्या रिबीनवाल्याला विचारा. चुकून नव्हे, मुद्दाम, एकदा तरी. वीस वर्षांचा अनुभवी माणूससुद्धा "मॅन पेज (कमांडची मदतपुस्तिका) बघावं लागेल" म्हणतो, हे नवशिक्यांनी ऐकलेलं चांगलं.

वेळ मागताना चिवटपणा करा. शुक्रवारी दुपारी लोक अजून येत असतात. शनिवारी रात्री मास्करेडसमोर (पोशाखांच्या स्पर्धेसमोर) तुमचा निभाव लागणार नाही. रविवारी सकाळी नऊला येणाऱ्यांनी रात्रभर डोळा लावलेला नसतो. दिवसाला पाच तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ हा नियम कन्व्हेन्शनमध्ये मुद्दाम सांगावा लागतो तो उगीच नाही. पहिलं सत्र शनिवारी अकराला, टर्मिनल दीडला, टेबल तीन ते सहा. रविवारी काही नको, दुपारपर्यंत लोक हॉटेलच्या खोल्या रिकाम्या करतात आणि लॅपटॉप गाडीच्या डिकीत जातात.

खोलीबद्दल हॉटेलशी परस्पर बोलू नका. समितीचा जो माणूस हॉटेलशी व्यवहार बघतो त्याच्याकडूनच जा, कारण जादा वीज आणि प्रोजेक्टर यांचं बिल लागू शकतं. एक्स्टेन्शनच्या पट्टीला दुसरी पट्टी जोडणं आगीच्या नियमात बसत नाही. वायर जमिनीवर गॅफर टेपने चिकटवा, डक्ट टेपने गालिचा खराब होतो. इंटरनेट मिळणार नाही असं धरूनच आखणी करा. सभागृहाचा वायफाय खोल्यांच्या वायफायहून वेगळा असू शकतो, आणि वीस लॅपटॉप एकदम जोडले की तो मान टाकतो. जे लागेल ते आधीच डाउनलोड केलेलं हवं. माइक असेल तर वापरा, "माझा आवाज पोचतो" म्हणू नका. ज्याला कमी ऐकू येतं तो हात वर करून तसं सांगत नाही.

तीनच माणसं आली तर प्रोजेक्टर बंद करा, खुर्च्या गोल करा आणि प्रत्येकाचा लॅपटॉप नीट बघा. त्या तिघांसाठी ते सगळ्यात चांगलं सत्र ठरेल.

इंग्रजी उच्चारांची काळजी सोडा. गणपतीत शंभर माणसांसमोर मंडप सांभाळता, तेच कसब इथे लागतं : कोण कंटाळलंय, कोण मागे पडलंय हे चेहऱ्यावरून ओळखणं. उलट तुमचं मराठी असणं एका जागी कामाला लावा. मिंटमध्ये मराठी कगप किंवा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीच जोडून ठेवा आणि टर्मिनलमध्ये 'पुरणपोळी' नावाची फाइल तयार करून दाखवा. एलएस केलं की देवनागरी नाव दिसतं. मग सांगा की हे ज्या यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीमुळे जमतं, त्याचा आराखडा केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडला. कुणीतरी लगेच विचारेल, 'स्टार ट्रेक'मधल्या कल्पित क्लिंगॉन लिपीचं काय? तिला युनिकोडने, म्हणजे संगणकासाठी जगातल्या लिपींची यादी ठरवणाऱ्या संस्थेने, २००१ मध्ये नकार दिला. यावर निदान पाच मिनिटं खोलीत हशा आणि संताप दोन्ही चालेल, आणि तुम्हाला पाणी प्यायला वेळ मिळेल.

मुलाला पहिल्या सत्राची रंगीत तालीम म्हणून समोर बसवा. तो झोपला तर जिथे झोपला तो भाग काढून टाका.

या आठवड्यात एवढं करा : समितीला तीन नव्या वेळांची मागणी पाठवा, काकांना ईमेल करा, पेनड्राइव्ह मागवा. वेळापत्रकात छापायचं वर्णन चार ओळींचं असू द्या. पहिली ओळ, लॅपटॉप नसला तरी चालेल. दुसरी, ऑफिसचा लॅपटॉप आणू नका. तिसरी, या सत्रात तुमच्या लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल होणार नाही. चौथी, इन्स्टॉल करायचंच असेल तर तीन वाजता टेबलावर या, आणि येताना बॅकअपची डिस्क व मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड घेऊन या. लिनक्स म्हणजे काय, हे त्या वर्णनात लिहू नका. त्या चार ओळी वाचून ज्याला यायचंय तो येईल.